वाढलं म्हणणारी राणी

एका राज्यात राणी आणि युवराज भांडत होते, आणि आपण पोहोचतो आहोत तेव्हा भांडण अर्ध्यावर आलं आहे.

"एकदाच म्हणा, आईसाहेब," युवराज सुकेत म्हणत होता. "इतके दिवस म्हणालात. आजच काय तोंडाला कुलूप लागलं?"

"इतके दिवस म्हणाले ते न कळता," राणी अंबुजा म्हणाली. "आता कळलंय."

"एका शब्दानं तुमचं काय जाणार आहे?"

"माझं काही जात नाही. खाली बघ, तुझं किती उरलंय ते."

सुकेतनं खाली पाहिलं नाही. सदरेवर सकाळचं ऊन आलं होतं. खांबांच्या सावल्या लांब पडल्या होत्या, राणीची पडली होती. सुकेतच्या पायाशी मात्र तळहाताएवढी सावली होती आणि तीही थरथरत होती. मायलेकांच्या मध्ये चौरंगावर एक चांदीचा करंडा उघडा पडला होता, रिकामा. आणि खिडकीत मांत्रिक धूम्रक बसला होता, लग्नघरी पंगतीची वाट पाहणारा पाहुणा बसतो तसा, पायावर पाय टाकून.

हा शब्द कोणता, करंडा कसला आणि माणसाची सावली आटते कशी, ते सांगायला मला मागे जायला हवं. भांडण कुठे पळून जात नाही. राहू दे त्यांना तिथेच उभं.

सुकेत घोड्यावरून पडला, तिथून हे सगळं सुरू झालं. खांदा निखळला होता, तो राजवैद्यानं बसवला, पण कळ काही जाईना. लेप झाले, काढे झाले. पोर कण्हत राही आणि राणी दाराबाहेर भिंतीला डोकं टेकून ऐकत राही. तेव्हा धूम्रक आला. बोलायला गोड, नखं अगदी स्वच्छ. औषध देणाऱ्याची नखं इतकी स्वच्छ असतात तेव्हा त्यानं जन्मात एकही मुळी उगाळलेली नसते, हे राणीच्या ध्यानात यायला हवं होतं. पण लेकरू कण्हत असताना परक्याची नखं कोण बघतं? त्यानं निळ्या भस्माचा करंडा दिला. म्हणाला, चिमूटभर जिभेखाली धरा. सुकेतनं धरलं आणि कळ थांबली.

पुढे खांदा बरा झाला. चिमूट काही थांबली नाही.

त्या भस्माची रीत अशी होती, की एक चिमूट घेतली की माणसाच्या सावलीचा एक तुकडा निघून जाई, आणि तो धूम्रकाच्या झग्याला आपोआप शिवला जाई. झगा म्हणूनच काळा होता, रंगवलेला नव्हता. ज्याची सावली सरली, तो धूम्रकाचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच्या मागे चालू लागे. वाटेत आई भेटली तरी ओळख देत नसे.

राजवाड्यात काय चाललं होतं? जे कुठल्याही घरात चालतं तेच. सुकेत दरबारात येईनासा झाला, तेव्हा राणीनं भर दरबारात सांगितलं, युवराजांचं व्रत चालू आहे. देव्हाऱ्यातली समई नाहीशी झाली, तेव्हा तिनं राही नावाच्या दासीला चोर ठरवून हाकलून दिलं. सुकेतला मांडीवर खेळवून मोठं केलं होतं ते या राहीनं.

आणि करंडा कोण भरतं, याचा शोध मात्र राणीनं जिवाच्या आकांतानं घेतला. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याचे हात हुंगले. मोतद्दाराकडून घोड्यांची खोगिरं उलटी करून झाडून घेतली. राजवैद्याला पाणी आणायला धाडून त्याचा बटवा उपसला. राजा भद्रसेनाच्या पगडीतसुद्धा हात घालून पाहिला.

"पगडीत काय शोधता?" राजानं विचारलं.

"काही नाही. ऊ दिसली," राणी म्हणाली.

एकट्या सुकेतवर तिचा संशय बसत नसे, कारण तो स्वतःहून करंडा उघडा करून आणी. "पाहा, आईसाहेब, रिकामा आहे. सोडलं मी." राणी आत डोकावे, बोटानं तळ चाचपे. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं तिला होई, आणि ती म्हणे, "वाढलं एकदाचं." मग स्वतःच्या हातानं झाकण लावी.

आता त्या राज्यातली रीत तुमच्या-आमच्याकडे आहे तीच. घरात मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ वाढलं म्हणायचं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, मोठा करतात. अभद्र बोललं तर अभद्र येतं, म्हणून जुन्या बायांनी भाषेलाच सोवळं नेसवून ठेवलेलं. राणी अंबुजा त्याच वळणातली. तिच्या माहेरी आणि सासरी, कुणाच्याही तोंडून 'संपलं' हा शब्द कधी निघाला नव्हता.

आणि दुसऱ्या दिवशी करंडा काठोकाठ भरलेला असे.

सुकेतच्या महालात पिंजऱ्यात एक साळुंकी होती. ऐकलेलं सारं तिला पाठ असे. राणीनं अखेर तिला गाठलं.

"करंडा कोण भरतं?"

"सांगेन," साळुंकी म्हणाली. "पण आधी तीन कामं कर."

"राणीला कामं सांगतेस?"

"राणीला कशाला सांगू? आईला सांगते आहे."

राणी पिंजऱ्यासमोर बसली.

"पहिलं काम. समई जिनं नेली नाही, तिला घरी आण."

"मग नेली कुणी?"

"ते मला विचारायला तुला पिंजऱ्यापाशी यावं लागलं का?" साळुंकीनं मान तिरपी केली.

राणी वेशीबाहेर राहीच्या झोपडीशी गेली. राही ओसरीवर पावटे सोलत बसली होती. उठली नाही.

"राही, मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंत."

"ते खोटं होतं."

"मला तेव्हाच ठाऊक होतं, राणीसाहेब. तुम्हालाही होतं."

राणीनं मान खाली घातली. मग म्हणाली, "चल घरी."

"येते. एवढे पावटे संपले की निघू."

"असं बोलू नये," राणी सवयीनं बोलून गेली.

"माझ्या घरात 'वाढलं' म्हटल्यानं कधी मूठभर वाढलं नाही, बाईसाहेब," राही म्हणाली, आणि सुपातल्या शेंगा राणीकडे सरकवल्या. "बसा. हात लावा, लवकर होईल." राणीनं शेंगा सोलल्या. संध्याकाळी राही वाड्यावर परत आली.

"दुसरं काम," साळुंकी म्हणाली. "दरबारात खोटं बोललीस. दरबारात परत घे."

हे पहिल्याहून जड गेलं. राणी उभी राहिली, आणि तिच्या पदराची टोकं हातात चुरगळत होती ती सगळ्यांनी पाहिली. ती म्हणाली, "युवराजांचं व्रत नाही. युवराज धूम्रकाच्या भस्माच्या नादी लागले आहेत, आणि मी ते लपवलं." राजानं डोळे मिटून घेतले. मग ज्यानं लढायांत कधी मान वाकवली नाही तो म्हातारा सेनापती खाली बघत बोलला, "माझा धाकटाही." त्याच्यामागून आणखी कुणी बोललं नाही, पण कितीतरी माणसं आपापल्या पायांकडे बघायला लागली होती. ज्याच्या त्याच्या घरी कुणाचं ना कुणाचं व्रत चाललेलं होतं.

"तिसरं काम," साळुंकी म्हणाली. "माझ्या पिंजऱ्याचं दार उघड."

राणीचा हात कडीवर थांबला. "उडून जाशील."

"जाईनही."

"मग मला सांगणार कोण?"

"म्हणूनच ते काम आहे. नाहीतर नुसती कडी होती."

घरातल्या प्रत्येकाचे खिसे चाचपणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. तिनं कडी काढली. साळुंकी भुर्रकन उडाली आणि आंब्याच्या शेंड्यावर जाऊन बसली. राणी दार धरून उभी राहिली. तिनं हाक मारली नाही, दाणे दाखवले नाहीत, पारध्याला बोलावलं नाही. खूप वेळानं साळुंकी खाली आली, तिच्या खांद्यावर बसली आणि बोलू लागली.

आधी निघाला तो सुकेतचा आवाज. "पाहा, आईसाहेब, रिकामा आहे. सोडलं मी."

मग दुसरा आवाज, बाईचा, सुटकेचा श्वास टाकून बोललेला. "वाढलं एकदाचं."

मग झाकणाचा खट्ट आवाज. मग भस्म भरत जातानाची बारीक सळसळ. आणि त्याच्यानंतर रडणं. दाबून, उशीत तोंड खुपसून रडलेलं, सुकेतचं. ते त्या पाखराखेरीज कुणी ऐकलं नव्हतं.

"हा माझा आवाज," राणी म्हणाली.

"तुझाच. धूम्रकानं मंत्र बाहेरून आणलाच नाही. तुमच्या घरच्या रीतीलाच त्यानं करंडा बांधला. घरधनीण 'वाढलं' म्हणते, करंडा वाढतो. बिचारा शब्दाला जागतो."

"सुकेतला हे ठाऊक होतं?"

"आधी नव्हतं, तेव्हा चिमटीपायी त्यानं धूम्रकाला समईसुद्धा दिली. मग झालं."

"मग मी काय म्हणू?"

"ते शिकवायला साळुंकी लागत नाही," साळुंकी म्हणाली, आणि पुन्हा आंब्यावर गेली. पिंजऱ्यात काही ती परतली नाही.

तर त्यानंतरची ही सकाळ, आणि हे भांडण.

"बघा, हात बघा माझे," सुकेत म्हणत होता. हात कापत होते, ओठ निळे पडले होते. "हाडं दळली जातायत आतून. तुम्ही आई आहात ना?"

"आहे."

"मग म्हणा. एवढं शेवटचं. उद्यापासून मी हातसुद्धा लावणार नाही."

"उद्या तू कुणाच्या मागे गाठोडं घेऊन चाललेला असशील. एका चिमटीची सावली उरलीय तुझी."

राजा भद्रसेन इतका वेळ खांबाला धरून उभा होता. तो मध्ये पडला. "अंबुजा, पोर तडफडतंय. एक शब्दच तर आहे. आज म्हणा, उद्याचं उद्या पाहू."

"महाराज, उद्याचं उद्या पाहू म्हणत म्हणत तर इथवर आलो."

"तुम्हाला मी मेलेला चालेन," सुकेत म्हणाला, "पण तुमचाच शब्द बरोबर ठरला पाहिजे."

हे तिला लागलं. बाप काय किंवा लेक काय, कुठे लागतं ते घरच्यांना नेमकं माहीत असतं. पण तिनं तो शब्द काढला नाही.

तेव्हा धूम्रक खिडकीतून उतरला. अदबीनं वाकला.

"राणीसाहेब दुसरा शब्द उच्चारणार, असं दिसतं," तो म्हणाला. "जरूर उच्चारा. मी कोण अडवणारा. फक्त एक सांगून ठेवतो. 'संपलं' हा शब्द या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी बाहेर काढलेला नाही. तो उपाशी आहे. सुटला की समोर दिसेल ते संपवील. समोर तर आपला मुलगा उभा आहे."

राजानं तोंडावर हात ठेवला. सुकेतसुद्धा क्षणभर आईकडे नुसता बघत राहिला, लहानपणी अंधाराला भिऊन बघायचा तसा.

राणीनं धूम्रकाच्या स्वच्छ नखांकडे पाहिलं. हा खोटं बोलतो आहे का? असेल. खरं बोलतो आहे का? तेही असेल, खऱ्याच्या आत खोटं घालून विकणं हाच त्याचा धंदा. याच्यावर विश्वास टाकून गप्प बसले, तर पोर जाणार. अविश्वास दाखवून बोलून बसले, आणि खरं निघालं, तरी पोर जाणार.

मग तिला एक गोष्ट दिसली. 'वाढलं' हा शब्द तिनं नेहमी मोकळाच टाकला होता. काय वाढलं, कुणाचं वाढलं, हे कधी बोललीच नव्हती. सोवळ्यातले शब्द सगळे असेच, नाव न घेता टाकलेले. आणि दावं नसलेलं जनावर वाटेल त्याच्या शेतात शिरतं. तेव्हा नवा शब्द सोडायचा तर दाव्यानं बांधूनच सोडायचा, काय संपलं त्याचं नाव घेऊन, आणि काय संपलेलं नाही तेही सांगून.

तिनं वाक्य मनात जुळवलं, आणि ते उच्चारलं. ते मी अखेरीला राखून ठेवते आहे, कारण त्याच्यानंतर बोलावं असं माझ्यापाशी काही नाही. आधी पुढचं ऐका.

वाक्य पुरं होताच करंड्याला चीर गेली. धूम्रकाच्या झग्याची शिवण उसवली आणि सावल्या एकेक करून खिडकीतून बाहेर पडल्या, आपापल्या घरी गेल्या. गल्लीत गाठोडी वाहणारी माणसं थबकली, आणि घर कुठल्या आळीला, असं एकमेकांना विचारू लागली. धूम्रक उन्हात उघडा उभा राहिला. त्याची स्वतःची अशी सावली मुळी नव्हतीच. आपलं गाठोडं आपल्याच डोक्यावर घेऊन तो राज्याबाहेर गेला.

सुकेतची सावलीही परत आली, पण ती त्याला लगेच चिकटेना. शाप सुटला, अंगातली कळ कुठे सुटली होती? तो तापला, ओकला, आईला नको नको ते बोलला, मग तिचेच पाय धरून रडला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलला. राणी उशाशी बसली, राही पायथ्याशी. राजा भद्रसेन कपाळावरच्या ओल्या घड्या पिळायला शिकला. सेनापतीची बायको एक दिवस दबकत दारात आली आणि विचारून गेली, की तुम्ही ते नेमकं कसं म्हणालात. राणीनं तिला शब्दन्‌शब्द सांगितला.

सुकेत हिंडाफिरायला लागला तरी राणी त्याचे हात हुंगत असे. तोही ते मुकाट्यानं पुढे करी. विश्वास काही एका सकाळी आला नाही, सावली जशी बोटाबोटानं लांबली तसाच तोही आला. पुढे सुकेत गादीवर बसला तेव्हा त्याची सावली सदरेच्या पायऱ्या उतरून अंगणापर्यंत जात असे. त्या राज्यात अजूनही मीठ वाढतं आणि बांगड्या वाढतात. दुखण्याला मात्र दुखणं म्हणतात आणि व्यसनाला व्यसन.

आणि त्या सकाळी, राजा गप्प, मांत्रिक टपलेला, पोर कापरे हात पसरून समोर उभं, अशा वेळी राणी अंबुजानं रिकाम्या करंड्याचं झाकण लावलं, लेकाच्या डोळ्यांत पाहिलं आणि भांडण मिटवलं ते या एका वाक्यानं:

"करंड्यातलं संपलं, सुकेत, तुझी आई अजून संपलेली नाही."