शेपटीची माफी

फार पूर्वी जपानमधल्या एका बंदरात, सुकटीच्या गोदामाखाली गेंजोदादा नावाच्या म्हाताऱ्या उंदराची टोळी राहत असे. टोळीचा रिवाज कडक होता. जो चुकेल त्याने आपली शेपटी तोडून, पानावर ठेवून दादांपुढे मांडायची.

टोळीत किनू ही एकच पाल. ती सारखी चुकायची आणि दर वेळी शेपटी टाकून मोकळी व्हायची. "काय ही निष्ठा!" म्हणत नवखे उंदीर डोळे पुसायचे. किनूलाही रडू यायचं. शेपटी पुन्हा उगवणार आहे, हे ती तेवढ्यापुरतं विसरून जायची.

एकदा पहाऱ्यावर तिला झोप लागली आणि बोक्याने टोळीची सगळी सुकट फस्त केली. घाबरून ती बोलून गेली, "पहारा तोकूचा होता." याच तोकू उंदराने तिला एकदा बोक्याच्या पंजातून ओढून काढलं होतं. तो निमूटपणे शेपटी पुढे करून बसला.

किनूला ते बघवेना. ती ऐटीत पुढे आली. "दादा, त्याच्याऐवजी माझी घ्या!"

"तुझी उगवते, बाई," दादा म्हणाले. "न उगवणारं काही असेल तर दे."

किनूने खूप विचार केला. तसं तिच्याकडे एकच होतं, टोळीतलं नाव. आणि तेही शेपट्यांवर कमावलेलं.

"पहारा माझा होता," ती पुटपुटली. "मी झोपले होते."



"मला ठाऊक होतं गं," तोकू शेपटी आवरत म्हणाला. "माझ्या बिळापर्यंत घोरणं ऐकू येत होतं."