धुळोजीनं गादी सांभाळली

पळसगड नावाचं एक राज्य होतं. राज्य म्हणायचं आपलं. सकाळी एका वेशीतून निघालेली म्हैस दुपारपर्यंत दुसऱ्या वेशीतून परमुलखात चरायला जायची. अशा त्या राज्यात धुळोजी नावाचा एक भोळा सेनापती होता. छाती एवढी रुंद की दारातून तिरकं होऊन शिरावं लागे, आणि मनात कपट नावाला नाही. सांगितलेलं काम तो सांगितल्या शब्दात करी. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

त्याचे शिपाईही त्याच्याच तालमीतले. ‘चला’ म्हटलं की चालायचे आणि ‘थांबा’ म्हणेपर्यंत थांबायचे नाहीत. एकदा कवायतीत धुळोजीला शिंक आली, ‘थांबा’ म्हणायचं राहून गेलं, आणि चौघे जण चालत चालत तळ्यात गेले.

पळसगडाला शेजारी तीन. खारवणहून मीठ यायचं, पाणवठहून पाटाचं पाणी यायचं आणि गुळवाडीहून गूळ. बदल्यात द्यायला पळसगडाकडे पत्रावळीच्या पानांशिवाय काही नव्हतं. पण थोरले महाराज गोड बोलून सगळं निभावून न्यायचे.

धुळोजीच्या बायकोचं नाव गोजराबाई. त्यांची एकुलती एक लेक मैना खारवणला दिलेली. तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही तर जगाची रीत. आधी मीठ येणार, मग महिन्याभरानं मैना येणार, असं ठरलं होतं. गोजराबाईनं डिंक आणला, बाळंतविडा शिवला, आणि ती वाटेकडे डोळे लावून बसली.

तेवढ्यात थोरल्या महाराजांच्या मनात काशीला जायचं आलं. निघताना ते म्हणाले, “धुळोजी, गादी सांभाळ. गादीवर कुणालाही बसू देऊ नकोस.”

“कुणालाही नाही, महाराज.”

महाराज गेले. धुळोजी नागवी तलवार घेऊन गादीपुढे उभा राहिला. दोन दिवस उभा राहिला. तिसऱ्या दिवशी जरा डुलकी लागली आणि बघतो तो गादीवर मांजर! झटापट झाली. मांजराला काही झालं नाही, धुळोजीचं नाक मात्र ओरबाडलं. मग त्यानं विचार केला. गादीवर कुणी बसू नये याचा एकच पक्का उपाय, आपणच बसावं. तो बसला. पळसगडात फौजेचं राज्य आलं ते असं. लोक उगाच काहीबाही सांगतात.

आठवड्यानं पश्चिमेच्या वेशीबाहेर शिंग वाजलं. खारवणचे मिठाचे बैल आले की शिंग फुंकायचे, म्हणजे वेस उघडा. पण धुळोजीनं उभ्या आयुष्यात शिंग ऐकलं होतं ते रणात.

“शिंग वाजलं! डागा तोफ!”

तोफ डागली. गोळा बैलांच्या डोक्यावरून गेला म्हणून बरं. पण बैल उधळले, गोण्या पडून फुटल्या, रस्ता पांढरा झाला आणि बैलांनी शेपट्या वर करून खारवण गाठलं. संध्याकाळी खारवणचा निरोप आला, ‘मीठ बंद. हद्द बंद. आणि पाहुण्यांवर तोफ डागणाऱ्या घरी आम्ही पोटुशी सून पाठवत नाही.’

गोजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. “अहो, दारात कुणी आलं तर तोफ डागतात का? पाय धुवायला पाणी द्यावं, गूळपाणी द्यावं, ताट वाढावं. पोटभर जेवल्याशिवाय माणसाला सोडू नये!”

“हे आधी नाही का सांगायचं?” धुळोजी म्हणाला, आणि त्यानं उपरण्याला एक गाठ मारली. विसरायला नको.

चार दिवसांनी पाणवठचा जासूद निरोप घेऊन धावत धावत दरबारात शिरला. धापा टाकत म्हणाला, “सरकार, आमच्या धान्याच्या कोठाराला आग लागलीय! माणसं द्या, घागरी द्या!”

धुळोजीनं गाठ चाचपली. “आधी पाय धुवा.”

“अहो सरकार, आग!”

“मग गूळपाणी घ्या. थंड असतं.”

जासुदाला पाटावर बसवलं. दाराशी दोन भालेकरी उभे केले. मीठ नसल्यामुळे आमटी अळणी होती, तरी धुळोजीनं ती आग्रह करकरून तीनदा वाढली. जासूद रडत रडत जेवत होता. धुळोजीला वाटलं, तिखट लागलं असेल, म्हणून त्यानं वर भात वाढला.

जासूद ढेकर देऊन सुटला तोवर कोठाराची राख झाली होती. दुसऱ्या दिवशी पाणवठनं पाटाला बांध घातला. पळसगडाचं पाणी तुटलं.

“अहो, काय हे!” गोजराबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता खरंच पाणी होतं. “एक शेजारी रुसला तर दुसऱ्याला मध्यस्थ घालता येतो. मी पाणवठच्या राणीला सांगून मैनेला त्या वाटेनं आणवणार होते. तीही वाट तुम्ही बंद केलीत! शेजारी धूर दिसला की विचारपूस करत बसू नये. हाताला लागेल ती घागर घ्यावी, धावत जावं आणि पाणी ओतून मोकळं व्हावं!”

“हे आधी नाही का सांगायचं?” धुळोजीनं दुसरी गाठ मारली.

मग तो रोज बुरुजावर चढून बसू लागला. चारी दिशांना डोळ्यांत तेल घालून बघायचा. पाचव्या दिवशी सकाळी त्याला दक्षिणेला, गुळवाडीच्या अंगाला, धूर दिसला. बारीकच होता, पण धूर तो धूर. धुळोजीनं विहिरीतलं उरलंसुरलं पाणी उपसायला लावलं, पाचशे शिपायांच्या डोक्यावर पाचशे घागरी दिल्या आणि म्हणाला, “चला!”

गुळवाडीत त्या दिवशी राजकन्येचं लग्न होतं. होम पेटला होता. भटजी मंत्र म्हणत होते, नवरानवरी हातात हात घेऊन बसली होती, आणि सप्तपदीला आता सुरुवात व्हायची होती. तेवढ्यात मांडवात फौज शिरली. पाचशे घागरी रिकाम्या झाल्या. होम विझला, भटजी भिजले, मुंडावळ्या वाहून गेल्या, आणि नवऱ्या मुलाला हुडहुडी भरली. आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी म्हणतात. इथं आग नव्हतीच, बंब मात्र अगदी मुहूर्तावर पोचला.

“वाचवलं तुम्हाला,” धुळोजी गुळवाडीच्या राजाला म्हणाला, आणि आभाराची वाट बघत उभा राहिला.

गुळवाडीचा गूळ बंद झाला. तिन्ही हद्दी बंद झाल्या. पळसगडात मीठ नाही, पाणी नाही, गूळ नाही. डिंक तसाच डब्यात पडून राहिला. मैनेला आठवा संपून नववा लागला. गोजराबाई रोज पश्चिमेच्या वेशीपाशी जाऊन उभी राही आणि परत येई.

“आता काय चुकलं?” धुळोजीनं विचारलं.

“अहो, माणसं जमलेली दिसली तर कशासाठी जमलीत ते आधी बघावं! लग्न असलं तर अक्षता टाकाव्या. कुणी आडवं पडलेलं असलं आणि भोवती लोक माना खाली घालून उभे असले, तर मुंडासं उतरवावं, दोन आसवं गाळावी, खांदा द्यावा.”

“आणि ज्याला खांदा दिला तो काही बोलला तर?”

“खांद्यावरचं माणूस बोलत नसतं!” गोजराबाई ओरडली.

“हे आधी नाही का सांगायचं?” धुळोजीनं तिसरी गाठ मारली. चांगली घट्ट मारली.

आणि एके दिवशी थोरले महाराज काशीहून परतले. हद्दीवरच्या वडाखाली तीन राजे त्यांची वाटच बघत बसले होते. एकाकडे फुटकी गोणी होती, दुसऱ्याकडे मूठभर राख, आणि तिसरा अजून शिंकत होता. सगळं ऐकून महाराज खालीच बसले.

खारवणचा राजा म्हणाला, “तुमच्याशी आमचं वैर नाही. तुम्ही गादीवर दिसलात की मीठ सोडतो, हे पाणी सोडतील, हे गूळ सोडतील. मैनेची पालखीही हद्दीच्या दगडाशी आणून ठेवलीय. पोरीचे दिवस भरलेत. पण गादीवर तो माणूस असेल, तर पालखी इथूनच माघारी.”

सगळे दरबारात आले. मागोमाग गोजराबाई धावत आली. धुळोजी गादीवर बसला होता. महाराज म्हणाले, “शाबास, धुळोजी. ऊठ आता. मला बसू दे.”

धुळोजीनं तलवार उपसली. “कुणालाही बसू द्यायचं नाही. महाराजांचा हुकूम आहे.”

“अरे, मीच महाराज!”

“महाराज गादीवर बसतात,” धुळोजी समजुतीच्या सुरात म्हणाला. “तुम्ही तर उभे आहात.”

तिन्ही राजांनी एकमेकांकडे पाहिलं. खारवणचा राजा दाराकडे वळला. पण वीस वर्षं ज्याच्यासोबत संसार केला तो माणूस गोजराबाईला पाठ होता. ती पुढे झाली.

“अहो, हुकूम काय आहे? कुणाला बसू द्यायचं नाही, असंच ना?”

“असंच.”

“मग आडवं पडलं तर?”

धुळोजीनं बराच विचार केला. “आडवं पडायचं काही बोलले नव्हते,” तो म्हणाला, आणि उठून बाजूला झाला.

महाराज निमूटपणे गादीवर आडवे झाले. खारवणच्या राजानं कपाळाला आठ्या घातल्या, पण गादीवर ते गादीवर. त्यानं पालखी आणि मीठ सोडायचा निरोप धाडला. गोजराबाई भाकरतुकडा घेऊन वेशीकडे पळाली. लेक येणार या आनंदात तिनं आयुष्यातली एकच चूक केली. धुळोजीला एकटं सोडलं.

काशीहून पायी आलेले महाराज. मऊ गादीला पाठ टेकताच त्यांचा डोळा लागला. त्यांना उठवावं की नाही, अशा विचारात तिघे राजे माना खाली घालून भोवती उभे राहिले.

धुळोजीनं हे पाहिलं. उपरणं चाचपलं. तिसरी गाठ सापडली. त्यानं मुंडासं उतरवलं, दोन आसवं गाळली, तीही अगदी खरी, कारण महाराजांवर त्याचा फार जीव होता. मग त्यानं चार शिपाई बोलावले, गादीसकट महाराजांना उचलून त्यांच्या खांद्यावर दिलं, आणि म्हणाला, “चला!”

महाराज जागे झाले ते भर रस्त्यात. “अरे, काय चाललंय हे!”

“चूप,” धुळोजी हुंदका देत म्हणाला. “खांद्यावरचं माणूस बोलत नसतं.”

मागून तिन्ही राजे ओरडत पळत होते. तशी मिरवणूक पश्चिमेच्या वेशीपाशी आली. समोरून मैनेची पालखी येत होती. महाराजांना काही सुचेना. ते ताडकन उठून बसले.

गादीवर बसले!

“उतरा!” धुळोजी गरजला. “कुणालाही बसू द्यायचं नाही!” आणि त्यानं महाराजांना एक हिसडा दिला. महाराज पालखीबरोबर आलेल्या मिठाच्या गोण्यांवर जाऊन पडले. गादी मोकळी झाली. मोकळी गादी धोक्याची, हे धुळोजीला मांजरापासून ठाऊक होतं. त्यानं उडी मारली आणि स्वतः गादीवर जाऊन बसला.

चौघे शिपाई चालतच होते. त्यांना ‘थांबा’ कुणी म्हटलं नव्हतं. धुळोजी म्हणाला असता, पण आता तो खांद्यावर होता, आणि खांद्यावरचं माणूस बोलत नसतं. तोंड घट्ट मिटून, तलवार उपसून, तो वेशीतून बाहेर पडला, हद्दीचा दगड ओलांडून खारवणच्या समुद्राच्या दिशेनं निघाला.

गोजराबाईनं मैनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मैनेनं पालखीचा पडदा सारून पाहिलं. “आई, बाबा कुठं निघाले गं?”

“पहिल्यांदाच तोफ नाही, घागरी नाही, नुसतेच शेजाऱ्याकडे निघालेत,” गोजराबाई म्हणाली. “अडवू नकोस. तू आत चल.”