शेठच्या मांडीवरचं झाकण

एका घाटमाथ्यावर एक म्हातारा मिस्त्री ट्रक दुरुस्त करीत असे. लोक त्याला वस्ताद म्हणत. त्याच्यापाशी नवनाथ नावाचा शिष्य होता. शिष्य म्हणजे पोरगं नव्हे. लग्न झालेला, आयटीआयचा कागद घेऊन आलेला, दोन वर्षं हात काळे केलेला गडी.

हल्लीच्या ट्रकला इंजिनाच्या डोक्यावर काळ्या प्लास्टिकचं झाकण असतं. आतल्या अंगाला फोम चिकटवलेला. बनवणारे म्हणतात, त्यानं आवाज कमी होतो. होत असेल. पण ते झाकण ना पाणी फिरवतं, ना तेल धरतं, ना चढाला गाडी ओढतं. इंजिनावरची केबिन पुढं कलंडवली की मालकाला काहीतरी सुबक दिसावं, हेच त्याचं मोठं कर्तृत्व. आणि माणसाची जात अशी की सुबक दिसलं की पुढचं विचारत नाही.

त्या गॅरेजात एक रीतच पडून गेली होती. गाडी ताब्यात देण्याआधी नवनाथ झाकणावर पॉलिशचं फडकं मारायचा. शहाबादी फरशीचा एक व्यापारी होता, त्याचा ट्रक नेहमी तिथंच यायचा. शेठ यायचा, केबिन कलंडवायला लावायचा, त्या चकचकीत झाकणात आपलं तोंड बघायचा आणि म्हणायचा, "वा. इंजिन नवं दिसतंय."

एकदा झाकण उपसताना खालची प्लास्टिकची खुंटी तुटली होती. तेव्हा शेठनं नवनाथला चार माणसांत झाडलं, "कंपनीची वस्तू आहे ती. तुझ्या घरची परात नाही." त्या दिवसापासून नवनाथनं झाकणाला हात लावला तो वरूनच. तीन सर्व्हिसिंग झाल्या. तीनही वेळा त्यानं गाडीच्या कार्डावर लिहिलं, इंजिन तपासलं.

चौथ्या वेळी गाडी आली, तेव्हा ड्रायव्हर हिरामण म्हणाला, "नवनाथभाऊ, चढाला डिझेलचा वास मारतोय. डोकं धरतं माझं."

"टाकी भरताना सांडलं असंल."

"तीन आठवडे सांडतंय व्हय?"

"तू बिडी सोड, मग वास कळंल तुला कशाचा येतो त्यो."

हिरामण हसला आणि गप्प बसला. ड्रायव्हर गप्पच बसतो. त्याचं ऐकायला कुणाला वेळ असतो? घाट उतरताना वीस टन फरशी पाठीवर घेऊन तोच बसतो त्या इंजिनावर, आपण नाही.

बाजूला खाटेवर वस्ताद पडला होता. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून सर्व्हिसिंगची कामं त्यानं शिष्यावर सोडली होती. त्याच्या कानावर हे बोलणं गेलं. तो पडल्या पडल्या नवनाथचं झाकण पुसणं बघत राहिला.

दुपारी शेठ आला. फरशी भरलेली होती, गाडी लगेच उतरायची होती. झाकण बघून तो प्रसन्न झाला. "वा वस्ताद, इंजिन नवं दिसतंय."

"इंजिन बघितलंत?"

"बघितलं की. समोरच तर आहे."

"बसा मग. देतो ताब्यात."

शेठ बाकावर टेकला. वस्ताद गुडघे धरत उठला. नवनाथला बाजूला सारून त्यानं झाकणाला दोन्ही हात घातले आणि हिसका दिला. दोन खुंट्या कडाकड तुटल्या. शेठ ओरडेपर्यंत वस्तादानं ते झाकण आणून त्याच्या मांडीवर ठेवलं होतं.

"न्या. तुमचं इंजिन."

"हे काय इंजिन आहे?"

"तुम्ही बघितलंत ते एवढंच. जेवढं बघितलं तेवढं दिलं. भरा यावर फरशी."

"म्हातारपणी डोकं फिरलं काय हो तुमचं? खुंट्या तोडल्यात, वर थट्टा करताय."

नवनाथलाही वाटलं, वस्ताद गेला कामातून. मालकाशी असं कुणी वागतं? तो पुढं होऊन झाकण उचलायला लागला, तोच शेठ ताडकन उभा राहिला. त्याची पांढरीशुभ्र पॅन्ट मांडीपासून गुडघ्यापर्यंत ओली झाली होती. फोम भिजलेल्या बोळ्यासारखा डिझेल गाळत होता.

हिरामण गाडीकडं गेला, वाकून बघितलं आणि तसाच मागं सरला. डिझेलची एक बारीक नळी चिरली होती. गाडी चालताना थेंब थेंब वर उडत होता, फोम तो पीत होता, आणि त्या फोमपासून वीतभर अंतरावर चढाला लाल तापणारा टर्बो होता.

"नवनाथ," वस्ताद म्हणाला, "हे झाकण शेवटचं कधी काढलंस?"

"तीन सर्व्हिसिंग झाल्या, वस्ताद. खुंटी तुटली तर शेठ बोलतील म्हणून..."

"आणि कार्डावर काय लिहिलंस?"

नवनाथनं मान खाली घालून कार्ड पुढं केलं.

तेव्हा वस्ताद जे बोलला ते असं. "मला या प्लास्टिकचा राग नाही, त्याला काय अक्कल. राग येतो तो तुमचा. शेठ, तुम्ही झाकण बघून इंजिनाला शाबासकी दिलीत आणि झाकण काढणाऱ्याला शिव्या. मग हा शहाणा काय शिकला? पुसायला शिकला. विद्या घेऊन आला होता, फडकं घेऊन बसला. मीही खाटेवर पडून ते पुसणं बघत राहिलो, तेव्हा मीही त्यातलाच. आपण तिघांनी मिळून ते झाकण चकचकीत ठेवलं आणि त्याच्याखाली हिरामणला जाळायची सोय केली. तो सांगत होता वास येतो. त्याला बिडी सोडायला सांगितली."

शेठ ओली पॅन्ट धरून उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "फेकून द्या ते झाकण. नकोच ते."

"हे बघा, पुन्हा तुम्हीच ठरवताय," वस्ताद खेकसला. "बसतो कोण त्यावर? हिरामण, बोल. नवा फोम लावून झाकण बसवू, का उघडं ठेवू?"

हिरामणला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं. "आवाज वाढंल जरा. घरी गेल्यावर कारभारीण बोललेलं ऐकू यायचं नाही, तेवढाच फायदा. उघडंच ठेवा वस्ताद. इंजिन कण्हायला लागलं तर मला कळू द्या. आणि ज्याला बघायचंय त्याला बघता येऊ द्या."

नवनाथनं नवी नळी बसवली. इंजिन चालू करून अर्धा तास तिच्यावर नजर ठेवली, बोट फिरवून कोरडी असल्याची खात्री केली. मग हात न पुसता तो केबिनचं दार उघडून हिरामणच्या शेजारी जाऊन बसला.

"कुठं रे?" शेठनं विचारलं.

"खालपर्यंत जातो."

वस्तादानं त्याला अडवलं नाही. जा असंही म्हटलं नाही. ट्रक घरघरत पहिल्या वळणाला लागला.

झाकण ठेवावं की टाकावं, यावर शिकलेली माणसं वाद घालतात. घालू देत. ज्याच्या बुडाखाली इंजिन आहे त्याला आधी विचारा, आणि त्यानं सांगितलं तर ऐका, एवढंच माझं म्हणणं.

दिवस मावळता नवनाथ एसटीनं परत वर आला. वस्ताद खाटेवर नव्हता. दुसऱ्या एका गाडीखाली डोकं घालून बसला होता.

"काय?" त्यानं आतूनच विचारलं.

नवनाथ मोठ्यानं बोलला, कारण त्याचे कान अजून घुमत होते. "आवाज लई हाय, वस्ताद. वास नाही."

"बरं," वस्ताद म्हणाला, आणि सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.