मुठीखालचं नाव

‘मुकीच पदरात पडली म्हणायची. असू दे, भांडणार तरी नाही!’

माडबंदरच्या समुद्राईच्या देवळात मूठ नसलेली एक तलवार आहे. पातं आरशासारखं लख्ख, आणि मुठीत बसायचं ते लोखंड मात्र काळंकुट्ट, गंजलेलं. पाहुण्यांनी कारण विचारलं की गुरव आधी हे वाक्य ऐकवतात. ते केरोजी लोहार भात्यापाशी बसून शेजाऱ्याला म्हणाला होता. भिंतीपलीकडे त्याची नवी सून पाणी भरत होती. मुकी म्हटलं तरी ती बहिरी नव्हती.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. ही सून घाटावरची, शिकलगाराची लेक. हत्यारांना धार लावणाऱ्या बापाच्या हाताखाली वाढलेली. लग्नात तांदळात ‘सगुणा’ लिहिलं गेलं आणि तिचं जुनं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही. नवरा आठव्या दिवशी आरमारावर निघून गेला. ज्या नावानं हाक मारायला कुणी नाही ते आपलं राहतं का, असं ती समुद्राला विचारायची म्हणे. समुद्र सतत बोलायचा. ऐकून घ्यायची सवय त्यालाही नव्हती.

खंडेनवमी जवळ आली. केरोजीच्या पेटीत एक तलवार होती, आजोबांनी घडवलेली असं घराचं ठाम मत. किल्लेदार ती पाहायला येणार होते. ती घरचीच घडण आहे हे त्यांना पटलं तर किल्ल्याच्या हत्यारांचं काम कायमचं केरोजीच्या भट्टीला मिळणार होतं.

सून तलवार पुसायला बसली. आपल्याकडे मूठ राळेनं पक्की बसवतात, ती निघत नाही. म्हणून तीन पिढ्यांत कुणी काढून पाहिलीच नव्हती. ह्या तलवारीच्या मुठीत मात्र बांबूची बारीकशी खुंटी होती. सुनेनं ती ढकलली. मूठ अलगद हातात आली. खाली काळा गंज, आणि त्यात छिन्नीनं कोरलेली उभी अक्षरं. मोडी नव्हे, बाळबोध नव्हे, फारसीही नव्हे.

केरोजीला अक्षरं दिसली नाहीत, घाण दिसली. ‘किल्लेदारांपुढे हा गंज? आण ती चिंच आणि राख!’

चिंच लोखंडाला लागणार, इतक्यात सुनेनं सासऱ्याचं मनगट धरलं.

‘घासू नका, मामंजी. चकाकी कुणीही आणतं, गंजाला वय लागतं. माझा बाप सांगायचा, तांबडा गंज दोन-चार पावसाळ्यांचा, तपकिरी एका जन्माचा. हा काळा आहे. तुमच्या आजोबांच्याही कितीतरी आधीचा. ज्यानं घडवली त्याचं हे नाव असणार. घासलंत तर तो कोण आणि कधीचा, कुणालाच कळायचं नाही.’

‘अगं बाई, हिला वाचा फुटली!’ केरोजी म्हणाला खरा. पण तिचं म्हणणं ध्यानात आलं तसा त्याचा चेहरा उतरला. ‘आणि कुठल्या कोण मेलेल्या माणसाच्या नावासाठी मी घरी चालून आलेलं काम घालवू?’

त्यावर ती आणखी एवढंसंच बोलली, आणि केरोजीच्या हातातली चिंच गळून पडली म्हणे. किल्लेदार आले तेव्हा त्यानं स्वतःच सांगितलं, ‘ही आमची नाही.’ काम दुसऱ्या भट्टीला गेलं. तलवार देवीपुढे ठेवली, मूठ काढूनच.

कितीतरी काळानंतर एक जपानी पाहुणे आले. त्यांनी ती अक्षरं वाचली: कारागिराचं नाव आणि साल, केरोजीच्या आजोबांच्या दोनशे वर्षं आधीचं. ते नाव त्यांनी हलकेच उच्चारलं आणि बराच वेळ मान झुकवून उभे राहिले.

आजही माडबंदरात सुनेचं नाव बदलत नाहीत. खंडेनवमीला गावची सगळी हत्यारं घासतात, एवढा काळा गंज सोडून. त्या वर्षी आलेली सून त्यावर हात ठेवते आणि आपलं माहेरचं नाव मोठ्यानं घेते. मग गुरव पाहुण्यांकडे वळतात आणि केरोजीची सून शेवटी काय बोलली ते सांगतात:

‘नाव हरवलं की काय होतं ते मला विचारा, मामंजी. ह्याचं तरी राहू द्या. मी हौसा.’