सोपानला कॉलेज मिळतं त्याची गोष्ट

बोरखिंड नावाच्या गावात एक भोळा सोपान होता. भोळा म्हणजे किती, तर आईनं "दुधावर लक्ष ठेव" म्हटलं की दूध उतू जाऊन चूल विझेपर्यंत हा लक्ष ठेवायचा. लक्ष ठेवण्यात काही कमी पडायचं नाही.

तसा तो वेडा नव्हता. सांगितलेलं ऐकायचा, एवढाच त्याचा दोष. आणि आपल्याकडं शाळेत ऐकणाऱ्या पोराला शहाणा म्हणतात, त्यामुळं बारावीपर्यंत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. बारावीला त्याला बावन्न टक्के पडले. पोरं भरतात म्हणून त्यानं इंजिनियरिंगच्या सीईटीचाही फॉर्म भरला होता. त्यात त्याच्या खाली फार थोडी पोरं होती, आणि त्यातली बरीचशी परीक्षेला आलीच नव्हती.

आई पारूबाई एकटीच कमावती. तिच्या घरातलं कुणी आजवर कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि सोपाननं ती चढावी ही तिची एकच हौस होती. यंदा जागा मिळाली नाही तर पोराला मामाच्या पोल्ट्रीवर जायचं होतं. मामानं त्याच्यासाठी खत ओढायचं फावडं आणूनही ठेवलं होतं. म्हणून पारूबाईनं नवले मास्तरांचे पाय धरले. मास्तर रिटायर झालेले. गावातल्या निम्म्या पोरांचे प्रवेश त्यांच्या सल्ल्यानं झाले होते. उरलेल्या निम्म्यांचे हुकले होते, तेही त्यांच्याच सल्ल्यानं.

मास्तर म्हणाले, घरी बसून कॉलेज मिळत नाही, आधी चार ठिकाणं बघून ये. आई म्हणाली, बघायचंच तर चांगलं बघ. सोपान जिल्ह्याला गेला आणि ज्या कॉलेजाच्या दारात कारंजं होतं त्यात शिरला. तिथल्या क्लार्कनं मार्क विचारले.

"बावन्न," सोपान म्हणाला.

"गणितात?"

"नाही. सगळ्यात मिळून."

क्लार्कनं शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं आणि सोपानला परत एकदा सांगायला लावलं. सोपाननं परत सांगितलं. मग वॉचमन त्याला गेटापर्यंत पोचवायला आला. माणसं फार अगत्याची आहेत, असं सोपाननं घरी येऊन सांगितलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे सोपान्या, कुठल्याही दारात पाऊल टाकायच्या आधी विचारावं, मागच्या खेपेला शेवटचा आत घेतला तो कितीवर घेतला? आपण त्याच्या खाली असलो तर मुकाट मागं फिरावं."

"असं होय? बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दोन दिवसांनी तो रहिवासी दाखला काढायला तालुक्याला गेला. दाखल्याचे साहेब जेवायला गेले होते, ते परत यायचं नाव घेईनात. सोपानच्याही पोटात कावळे ओरडायला लागले. स्टँडजवळ खानावळ होती. हा दारातच उभा राहिला आणि मालकाला म्हणाला, "काल शेवटचा माणूस जेवून उठला तो किती भाकरींवर उठला?"

मालक विचारात पडला. "हमाल होता बाजारातला. नऊ खाल्ल्या त्यानं."

सोपानची धाव चार भाकरींपर्यंत. "मग माझं जमणार नाही," असं म्हणून तो खाली मान घालून मागं फिरला. मालक दोन हाका मारून थकला. संध्याकाळी पोरगं घरी आलं ते भिंतीला धरत धरत.

पारूबाईनं त्याला जेवायला घातलं आणि मास्तरांकडं नेलं. मास्तर म्हणाले, अरे गाढवा, खानावळीत चौकशा करत नाहीत. बसावं, पानात पडेल ते घ्यावं, कशाला नाही म्हणू नये.

"असं होय? बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

त्याच आठवड्यात तालुक्याच्या मंगल कार्यालयात प्रवेश मेळावा भरला. दर उन्हाळ्यात भरतो. जिथं एरवी नवरानवरी बसतात तिथं कॉलेजांचे एजंट बसतात, आणि दोन्हीकडं मुलगा खपवायचीच घाई असते. सोपान पहिल्या टेबलासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, काय असेल ते वाढा. त्यांनी नर्सिंग वाढलं. पुढच्यानं हॉटेल मॅनेजमेंट, त्याच्या पुढच्यानं आग विझवण्याचा डिप्लोमा. शिवणकाम, जहाजावरचा आचारी, सगळ्याला सोपाननं हो म्हटलं. शेवटी एका परदेशी विद्यापीठालाही हो म्हटलं. त्याची इथली शाखा टायरच्या दुकानावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेक एजंट मोटारसायकलवर दारात हजर. सगळे त्याला सोपानसर म्हणत होते. बावन्न टक्केवाल्याला सर म्हणणारी माणसं जगात एवढीच. पारूबाई चहा करून करून दमली. पुढं सोपानसर नक्की कुणाचे यावरून एजंटांची आपसात जुंपली, तेव्हा मास्तरांनी काठी घेऊन सगळ्यांना वेशीबाहेर काढलं.

"गोड बोलणाऱ्याला सरळ तोंडावर विचारावं," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आजवर तुम्ही पाठवलेली माणसं कुठं पोचली? एकाला तरी समोर आणा. नाही आणलं तर विश्वास ठेवू नये."

"असं होय? बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

पुढची खेप लवकरच आली. गावातले सावळेराम आबा गेले आणि नदीवर त्यांचा दहावा होता. सगळं गाव जमलं होतं. भटजींनी पिंड मांडले आणि फार गोड आवाजात सांगितलं की आबांना आता उत्तम गती मिळेल, ते चांगल्या ठिकाणी पोचतील. सोपान गर्दीतून उठून उभा राहिला.

"गुरुजी, आजवर तुम्ही पाठवलेली माणसं कुठं पोचली? एकाला तरी समोर आणा."

नदीवर कावळासुद्धा ओरडेना. आबांच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, यावर गावात अजून दोन तट आहेत. आबांच्या पोरांनी मात्र सोपानला पार चिंचेपर्यंत पिटाळला.

मास्तरांनी त्याला शेताच्या बांधावर बसवून समजावलं. अशा जागी प्रश्न विचारायचे नसतात. चपला बाहेर काढाव्यात, हात जोडावेत, आवाज खाली ठेवावा. पिंडाला कावळा शिवत नसेल तर म्हणावं, तुमची काही इच्छा मागं राहिली असेल तर आम्ही पुरी करू, तुम्ही मागची काळजी करू नका.

"असं होय? बरं. पुढच्या खेपेला तसंच करतो."

आता दिवस थोडे राहिले होते. मास्तरांनी एजंट नको, कारंजं नको म्हणून सोपानला तालुक्याच्या साध्या कॉलेजात पाठवलं. छप्पर पत्र्याचं, पण वर्ग भरायचे आणि प्राध्यापक वेळेवर यायचे. बावन्नवाल्याला तिथं जागा मिळण्यासारखी होती. प्राचार्यांना भेट, नम्रपणे बोल, एवढंच मास्तरांनी सांगितलं.

प्राचार्य प्रवेशाच्या गर्दीनं थकले होते. डोळे मिटून खुर्चीत मागं रेलले होते. भोवती चारदोन माणसं गप्प उभी होती. सोपाननं ते बघितलं आणि ओळखलं. चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले, आवाज खाली घेतला.

"साहेब, तुमची काही इच्छा मागं राहिली असेल तर आम्ही पुरी करू. तुम्ही मागची काळजी करू नका."

प्राचार्यांनी डोळे उघडले. सोपानला बाहेर काढायला सांगितलं आणि त्याच दुपारी जाऊन साखर तपासून घेतली.

हे कळल्यावर पारूबाई पहिल्यांदा रडली. "मास्तर, माझ्या पोराचं काही व्हायचं न्हाई का ओ?" तिनं विचारलं. मास्तरांना फार वाईट वाटलं. पोराला सल्ला देण्यात आपलंच काही चुकतंय का, असा विचारही त्यांच्या मनात आला, पण तो त्यांनी फार वेळ टिकू दिला नाही. ते स्वतः कॉलेजात गेले, प्राचार्यांची माफी मागितली आणि फॉर्म घेऊन आले. मग सोपानला समोर बसवून सावकाश बोलले.

"हे बघ. कॉमर्सला उड्या पडतात. तिथं तुझा निभाव लागायचा नाही. भूगोलाला कुणी जात नाही, भूगोल लिही. आयुष्यभर ध्यानात ठेव, गर्दी दिसली की बाजूला व्हावं. जिथं चिटपाखरू नाही तिथं जावं. तिथं आपल्यासारख्याचं काम हमखास होतं."

सोपाननं भूगोल लिहिला. आणि काय सांगावं, यादीत त्याचं नाव आलं. याद्या मार्कांवर लागतात, अकलेवर लागत नाहीत, हे त्याचं नशीब. नाव अगदी शेवटचं होतं, पण होतं. त्याच्याही खाली वेटिंगची लांब यादी होती. कारण त्या वर्षी सगळ्या गावांतल्या मास्तरांनी आपापल्या सोपानांना भूगोलच लिहायला सांगितला होता.

पारूबाई एसटीनं जाऊन ती यादी बघून आली. तिला वाचता येत नव्हतं. तिघांकडून वाचून घेतलं आणि काचेवरून त्या नावावर बोट फिरवलं. रात्री तिनं सोपानचा सदरा धुऊन वाळत घातला आणि भावाला निरोप पाठवला की फावडं दुसऱ्या कुणाला दे.

आता फक्त कॉलेजात जाऊन जागा पक्की करायची राहिली होती. मास्तरांचा गुडघा दुखत होता. ते म्हणाले, खिडकीवर जायचं, सही करायची, घरी यायचं. यात मी कशाला हवा?

सोपान गेला. संध्याकाळी परत आला तो हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच. पारूबाईनं आळीला हाका मारल्या. पेढे वाटले. मास्तरांनाही बोलावणं गेलं. मास्तर लंगडत आले, पेढा तोंडात टाकला आणि सोपानच्या पाठीवर थाप मारली. झालं का काम, म्हणून विचारलं.

"झालं की. तुमचा सल्ला एकदम हमखास. तिथं दोन खिडक्या होत्या. एकीवर पार लिंबाच्या झाडापर्यंत रांग. दुसरीवर चिटपाखरू नाही. मी बाजूला झालो आणि मोकळ्या खिडकीवर गेलो."

मास्तरांचं तोंड चालायचं थांबलं. "त्या खिडकीवर पाटी कसली होती?"

"'प्रवेश रद्द'. आतला साहेब लई भला माणूस. विचार पक्का आहे ना, म्हणाला. मी म्हटलं, पक्का. नंतर रडत येशील, म्हणाला. मी म्हटलं, नाही येत. लगेच सही घेतली, शिक्का मारला. रांगेतली माणसं अजून तिथंच असतील."

मास्तरांना पेढा गिळवेना आणि थुंकवेना. आळीतली माणसं हातातल्या पेढ्याकडं बघत राहिली.

"मग ह्ये पेढं कसलं रं?" पारूबाईनं विचारलं.

"एका माणसाची पोरगी वेटिंगला होती. मी सही केली आणि तिला जागा मिळाली. तो माझ्या पायाच पडायला लागला. असा देवमाणूस बघितला नाही, म्हणाला."

पारूबाई तिथंच बसून रडायला लागली. सोपान तिच्याजवळ बसला आणि तिची समजूत घालू लागला.

"रडू नको, आई. मी साहेबाला विचारून आलोय. पुढच्या वर्षीपण ती खिडकी मोकळीच असते."