रूथबाईंचा थांबा

आता वडजाईला मोटार थेट घाट चढून जाते. ही गोष्ट त्याच्या फार आधीची. तेव्हा गावानं डांबर पाहिलेलं नव्हतं, एसटी लांबच्या वाटेनं दिवसातून एकदाच यायची, आणि तालुक्याला जायचं तर चिलखिंड चढून वरचा उघडा माळ ओलांडावा लागायचा. त्या काळी गावच्या सरकारी दवाखान्यात रूथबाई सोनवणे नावाच्या नर्स होत्या. मिशनच्या दवाखान्यात शिकून आलेल्या, पांढरं लुगडं, काळी लेडीज सायकल. वाड्या-वस्त्यांवर त्या सायकलनंच जायच्या. असं म्हणतात की गरोदर बाईची नुसती चाल बघून तिचे दिवस किती भरलेत ते त्या सांगायच्या, आणि त्यांनी हातात घेतलेलं मूल रडायचं थांबून त्यांच्याकडे बघत राहायचं.

नोकरी संपली तरी त्या गावातच राहिल्या. मागेपुढे कोणी नव्हतं.

त्याच सुमारास हैबतराव निंबाळकरांची बायको गेली. हैबतराव म्हणजे रिटायर हवालदार. चावडीवर बोलले तर ओढ्यापलीकडे ऐकू जायचं. पण बायको गेली आणि त्या माणसानं भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. पोरांशी बोलेना, सुनांशी बोलेना. डॉक्टर म्हणाला, रोग काही नाही. असे तीन महिने गेले, तेव्हा थोरली सून रडत रूथबाईंकडे आली.

रूथबाई गेल्या, पण औषधाची पेटी नेली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "हवालदार, मला चिंचेवाडीला जायचंय आणि माझ्या सायकलची चेन सारखी पडतेय. तुमची सायकल काढा, सोबत चला."

भिंतीकडून आवाज आला, "दुसऱ्या कुणाला न्या."

"दुसऱ्या कुणाला चेन बसवता येत असती तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

तीन महिन्यांत हैबतरावांना कोणी काम सांगितलं नव्हतं. ते उठले. चिंचेवाडीपर्यंत चेन सात वेळा पडली. पहिल्यांदा त्यांनी मुकाट्यानं बसवली. तिसऱ्यांदा चिडले. पाचव्यांदा सायकल बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. सातव्यांदा स्वतःचे काळे हात बघून हसायला लागले, आणि हसता हसता रस्त्याच्या कडेला बसून बायकोसाठी ढसाढसा रडले. रूथबाई दोन्ही सायकली धरून शेजारी उभ्या राहिल्या. मागच्या चाकाचे नट बाईंनी स्वतःच सैल केले होते, असं म्हणतात. त्या दिवसानंतर ती चेन कधी पडली नाही.

पुढच्या शनिवारी हैबतराव स्वतःहून त्यांच्या दारात सायकल घेऊन उभे. त्याच्या पुढच्या शनिवारी माझे आजोबा, केरबा सुतार, त्यांच्यासोबत निघाले. त्यांचे गुडघे इतके धरले होते की रंधा मारायला उभं राहवत नव्हतं. मग दम्याचा एक, मुलं मुंबईला गेलेला एक, असे करत सात म्हातारे जमले. पारावर बसून खोकणारी माणसं शनिवारी सकाळी डोक्याला रुमाल बांधून, घंटी वाजवत गावातून निघायची. बायका दारात येऊन हसायच्या. खिंड चढून, माळ ओलांडून चिंचेवाडीला भजी खायची, एकमेकांची चेष्टा करायची आणि उन्हं चढायच्या आत परतायचं. गाव त्यांना म्हाताऱ्यांचं सायकल मंडळ म्हणू लागलं.

शनिवारच का, तर रविवारी रूथबाई तालुक्याला प्रार्थनेला जायच्या. ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आणि रूथबाई नेहमी पुढे असायच्या. वरच्या माळावर वारा असा की उभं झाड वाकडं वाढतं. तो वारा त्या अंगावर घ्यायच्या आणि बाकीचे सात त्यांच्या मागे एका ओळीत, आडोसा धरल्यासारखे चालायचे. काही जण तर सांगतात की बाई माळावर आल्या की वारा कडेनं वळून जायचा. आजोबांचे गुडघे मोकळे झाले. दम्याचा माणूस सायकलवरून न उतरता खिंड चढला आणि वर पोचून त्यानं आरोळी ठोकली, ती खाली गावात ऐकू आली म्हणतात.

अशी चार-पाच वर्षं गेली. मंडळाचं नाव तालुक्यापर्यंत पोचलं, आणि तिथल्या एका मंडळानं निरोप धाडला की सत्तरीतल्या या मर्दांचा भर चौकात सत्कार करायचा आहे, फेटे बांधायचे आहेत, पेपरवाला फोटो काढणार आहे. दिवस ठरला रविवार.

निरोप हैबतरावांकडे आला. त्यांनी बाकीच्यांना ओट्यावर बोलावलं.

"मर्द म्हणून लिवलंय," ते म्हणाले. "त्यात आपल्या म्होरं बाई बघून लोक काय म्हणतील? आणि बाईंना रविवारी जमणार न्हाईच. उगा विचारून त्यांची पंचाईत कशाला करायची?"

कोणी काही बोललं नाही. माझे आजोबाही बोलले नाहीत. दिवस बदलून मागता आला असता, हे त्यांच्या मनात आलं होतं. पुढे आयुष्यभर ते सांगायचे, "तोंडाशी आलं हुतं रं. नुसतं तोंड उघडायचं हुतं."

त्या रविवारी रूथबाई पहाटेच खिंडीकडे गेल्या. सातही जणांनी आपापल्या घरातून त्यांना जाताना बघितलं, आणि त्या पुरत्या दिसेनाशा झाल्यावरच सायकली बाहेर काढल्या.

चौकात मोठी गर्दी होती. हार घातले, गुलाबी फेटे बांधले. पेपरवाल्यानं वही काढून विचारलं, "हे मंडळ सुरू कोणी केलं?"

सहा जणांनी हैबतरावांकडे बघितलं. मग हैबतराव म्हणाले, "मी."

एवढंच. टाळ्या झाल्या. आजोबांनी मान वर केली तेव्हा त्यांना गर्दीच्या कडेला पांढरं लुगडं दिसलं. प्रार्थना सुटली होती आणि चर्चची वाट त्या चौकातूनच जात होती. रूथबाई सायकलला टेकून उभ्या होत्या, आणि टाळ्या वाजवत होत्या. हातचं राखून नाही, मनापासून, हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होत्या. आजोबा म्हणायचे, त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग गर्दी हलली आणि त्या दिसेनाशा झाल्या. हैबतरावांनीही त्यांना बघितलं होतं.

परतताना माळावर असा वारा सुटला की म्हातारी माणसं अजून त्याची आठवण काढतात. सायकलवर बसणं सोडाच, हातात धरून चालणंही होईना. फेटे सुटले, हार तुटून उडून गेले. दम्याचा गडी खाली बसला. या उघड्या माळावरच आपण आता संपतो, असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात वारा एकाएकी पडला. आणि समोरच्या धुळीत त्यांना एका सायकलच्या चाकांची रेघ दिसली, सरळ खिंडीकडे गेलेली. एवढ्या वाऱ्यात धुळीवर रेघ टिकलीच कशी, ते कोणाला सांगता येत नाही. त्या रेघेमागून ते सात जण घरी आले, मान खाली घालून.

शनिवार उजाडला. आज बाई येणार नाहीत असं धरूनच सगळे गेले. पण त्या नेहमीसारख्या बाहेर आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला." त्यांनी विषय काढला नाही. आणि त्यांनी काढला नाही म्हणून यांनीही काढला नाही. चिंचेवाडीला भजी खाल्ली, पण त्या दिवशी कोणी कोणाची चेष्टा केली नाही.

पुढच्या शनिवारी बोलू, हैबतराव स्वतःशी म्हणाले. पुढचा शनिवार आला, गेला. असे सहा शनिवार गेले.

सातव्या शनिवारी खिंडीत दाट धुकं होतं. त्या दिवशी बोलायचंच, असं हैबतरावांनी ठरवलं होतं. रूथबाई पुढे होत्या. चढ लागला तसं हैबतरावांनी पायडलवर जोर दिला, त्यांच्या बरोबरीला यायचं म्हणून. असं म्हणतात की ते जोरात गेले तरी अंतर तेवढंच, हळू झाले तरी तेवढंच. दोन सायकलींचं अंतर, ना कमी ना जास्त. शेवटी ते ओरडले, "बाई, थांबा! एक बोलायचंय!"

रूथबाईंनी मागे वळून बघितलं नाही. म्हणाल्या, "वर पोचल्यावर बोला, हवालदार. चढात बोलू नका, दम लागतो."

हेच त्यांचं शेवटचं बोलणं.

मग धुक्यात त्या दिसेनाशा झाल्या. घंटी ऐकू येत राहिली, सावकाश, एका लयीत. सातही जण घंटीच्या मागे चढत राहिले. ते माथ्यावर पोचले, तेव्हा सायकल दगडाला नीट टेकवलेली होती आणि शेजारी रूथबाई बसल्या होत्या, पाठ दगडाला, हात मांडीवर. हैबतराव समोर गेले आणि दम गोळा करून बोलायला लागले. चौकात काय झालं, आपण काय म्हणालो, का म्हणालो, सगळं बोलले. भिंतीकडे तोंड करून पडले होते तिथपासून बोलले. बराच वेळ बोलले. मग आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हवालदार, बाई गेल्यात."

माथ्यावर बाईंशिवाय त्यांच्याआधी कोणी पोचलेलं नव्हतं, आणि बाईंचा हात तर केव्हाचा गार पडला होता. मग अगदी माथ्याखालच्या शेवटच्या वळणापर्यंत घंटी वाजवत होतं कोण? वडजाईत हे विचारलं की माणसं वर खिंडीकडे बघतात.

त्यांना तालुक्याला पुरलं. सात सायकली मागून गेल्या. हैबतराव त्यानंतर एकटेच पेपरच्या कचेरीत गेले, छापलेलं खोटं आहे म्हणून सांगायला. तिथला माणूस म्हणाला, जुनी गोष्ट झाली, आता कोण वाचणार. मग दर रविवारी ते त्या चौकात जाऊन उभे राहायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "मंडळ मी न्हाई सुरू केलं. रूथबाई सोनवणेंनी केलं." लोकांना आधी वाईट वाटायचं, मग कंटाळा यायला लागला, शेवटी शेवटी पोरं त्यांना वेडा हवालदार म्हणायची. तरी जाणं थांबलं नाही. त्या चौकात ज्याला सांगून झालं नाही असा एकही माणूस उरला नाही, आणि तरीही त्यांचं समाधान झालं नाही, असं म्हणतात.

वडजाईचं सायकल मंडळ अजून आहे. म्हातारे नवे आहेत, काहींकडे गिअरच्या सायकली आहेत, दोन-तीन आज्याही येतात. पण दर शनिवारी चिलखिंडीच्या पायथ्याला, चढ लागायच्या आधी, सगळे खाली उतरतात. त्या जागेला रूथबाईंचा थांबा म्हणतात. तिथं कोणाच्या मनात कोणाबद्दल काही राहिलं असेल तर ते बोलून टाकायचं. चूक असेल तर कबूल करायची. काहीच नसेल तर नुसतं उभं राहायचं. घाई करायची नाही. सगळ्यांचं बोलून झाल्याशिवाय कोणी सायकलवर बसायचं नाही, मग ऊन चढलं तरी चालेल. सायकल न चालवणारी माणसंही आता तिथं येतात. बांधावरून अबोला धरलेले भाऊ येतात, सासू-सून येतात. तिथं बोललेलं गावात कोणी काढत नाही.

माझे आजोबा शेवटच्या वर्षापर्यंत तिथं जात राहिले. पुढे सायकल झेपेना, तेव्हा मी त्यांना बैलगाडीतून न्यायचो. ते खाली उतरायचे, टोपी काढायचे आणि वर खिंडीकडे बघत उभे राहायचे. बाकीचे एकमेकांशी बोलायचे. आजोबांचं ज्यांच्याशी बोलायचं राहिलं होतं, त्या तिथं नव्हत्या. तरी ते दर शनिवारी बोलायचे, आणि बोलून झाल्यावर बराच वेळ तसेच उभे राहायचे, कोणी उत्तर देतंय का ते ऐकत.