दरबारात आणलेला खड्डा

“खड्डा? आणि माझ्या रस्त्यावर? साफ खोटं!”

राजा गजसिंहानं सिंहासनावर मूठ आपटली. समोर शेतकरी रखमाजी उभा होता, शेजारी त्याची लेक येसू. रखमाजीच्या हातातल्या टोपलीत अंजिरं होती. म्हणजे वाडीतून निघताना ती अंजिरं होती; आता नुसता लगदा उरला होता!

“सरकार, बाजारापत्तुर गाडी आणेस्तोवर फळाचं असं होतंय,” रखमाजी काकुळतीला आला. “बाग ऐन भरात हाय. तोडणीच्या आत खड्डे बुजले न्हाईत, तर औंदाचं समदं पीक वाटेतच जाईल.”

“काहीतरीच! परवाच मी त्या रस्त्यानं आलो. मला तर गाढ झोप लागली होती!”

लागणारच! महाराज मेण्यातून आले होते. भोई बिचारे प्रत्येक खड्ड्याला वळसा घालत घामाघूम होत होते आणि महाराज आत घोरत होते. पण हे बोलणार कोण? दरबारी मंडळी छताची नक्षी बघू लागली.

येसूला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं. “महाराज, एकदा आमच्या गाडीत बसून बघा की!”

“मी? बैलगाडीत?” राजा लालेलाल झाला. “मी खड्ड्याकडे जाणार नाही, खड्डा माझ्याकडे आला पाहिजे! उद्या इथं, या दरबारात, खड्डा आणून दाखव. माझा शिपाई धोंडजी तुझ्याबरोबर राहील, लबाडी चालायची नाही. आणलास तर रस्ता दुरुस्त. नाही आणलास, तर तुमच्या वाडीची एकही गाडी पुन्हा राजधानीत येणार नाही!”

रखमाजीनं घाईघाईनं हात जोडले. येसूनं मात्र मान तिरकी केली.

“आणते की! पर केवढा आणू महाराज? बारका का थोरला?”

“थोरला!” राजा गरजला.

घरी जाईपर्यंत रखमाजी एकच विचारत होता. “पोरी, खड्डा काय गाठोड्यात बांधून न्यायचा व्हय?”

“गाठोड्यात न्हाई बाबा, डेऱ्यात! तेवढं आईला सांगा, उद्या रवी खुंटीलाच राहू दे.”

सकाळी येसूनं सायीचं घट्ट दही अर्धा डेरा भरून ओतलं. धोंडजीनं बोट बुडवून चाखलं. दहीच होतं. मग डेऱ्याच्या तोंडाला फडकं बांधून त्यानं वर लाखेची मोहोर लावली आणि विचारलं, “पण हे कशाला गं?”

“खड्डा आणायला, मामा.”

धोंडजी पोट धरून हसला. डेरा पेंढ्यात बसवून गाडी निघाली, तरी तो हसतच होता. ते हसू वेशीपर्यंत टिकलं. पहिल्या खड्ड्यात त्याचं पागोटं उडालं, दुसऱ्यात त्यानं जीभ चावली, आणि पुढं तर तो कुलदैवताचा धावा करू लागला! पेंढ्यातला डेरा आपला खुशाल डुबुक डुबुक करत होता.

दरबारात धोंडजी कंबर धरून वाकडा उभा राहिला. येसूनं डेरा राजापुढं ठेवला.

“खड्डा कुठं आहे?”

“मोहोर तोडा महाराज, दिसंल!”

मोहोर तोडली, फडकं काढलं. आत पातळ ताक, आणि वर पांढराशुभ्र लोण्याचा गोळा!

राजा चमकला. “धोंडजी, दही घुसळलं कुणी?”

“कुणीच नाही, महाराज! रवी नाही, दोर नाही. मी डेऱ्याला चिकटूनच होतो. खड्ड्यांनी त्यालाही घुसळलं आणि मलाही!”

राजानं बोटभर लोणी तोंडात टाकलं. डोळे मिटले. पण हट्टी माणूस तो! लगेच मिशीला पीळ देत म्हणाला, “हे खड्ड्याचं काम झालं, खड्डा नव्हे. आणि काम तर झकास आहे! फुकट लोणी काढणारा रस्ता मी बुजवू कशाला? राहू दे तसाच!”

दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. रखमाजीचा चेहरा उतरला.

“खरं हाय, महाराज!” येसू म्हणाली. “मग आज पोटभर जेवा, वर वाडगाभर दही खा, आन चला आमच्या गाडीतनं. वाडी येईस्तोवर लोणी कुठनं निघतंय, ते धोंडजीमामा बघतील!”

राजानं डेऱ्याकडे पाहिलं, वाकड्या धोंडजीकडे पाहिलं, मग स्वतःच्या ढेरीकडे पाहिलं. दोन्ही हातांनी ती घट्ट धरली. आणि एकदम असा हसला, की मुकुट नाकावर आला!

“बस्स, पोरी! नुसतं ऐकूनच घुसळायला लागलं! अरे, आजच मुरूम टाका, दगड बसवा! अंजिरं उतरायच्या आत रस्ता झाला पाहिजे! आणि रस्त्याच्या कारभाऱ्यानं दर पावसाळ्यानंतर दह्याचा डेरा मांडीवर घेऊन गाडीनं जायचं. लोणी आलं, की रस्ता पुन्हा नीट करायचा!”

कारभाऱ्यानं आपली मांडी चाचपली.

“आता बक्षीस माग, येसू!”

“आईला नवी रवी द्या, महाराज. तुमचा रस्ता नीट झाला, की तिलाच घुसळावं लागणार!”

राजा पुन्हा खदाखदा हसला, आणि त्यानं चांदीच्या कड्यांची रवी मागवली. वर येसूच्या हातात सोन्याचे गोठही घातले.